गंधकुलपाची ओळखपरेड

राज्य स्मृति-अन्वेषण केंद्राच्या प्रयोगशाळेत हवासुद्धा परवानगी काढून आत येत असावी. छतातली चाळणयंत्रे ती सारखी धुऊन काढत होती, आणि आत वावरणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत करड्या गंधकवचात बंद होता. चेहऱ्यापुढे काच, हातांत मोजे, गळ्याशी आवळलेला पट्टा. कवचाशिवाय त्या खोलीत एकच व्यक्ती होती, नागपूरच्या उके-वैरागडे या वकिली पेढीच्या ॲडव्होकेट यशोधरा उके. त्यांना मधोमध एका खुर्चीत बसवून मनगटांना पट्टे घातले होते आणि डोक्यावर स्मृतिदर्शकाचा जाळीदार टोप चढवणे चालू होते.

"जरा सैल बसव बाप्पा," त्या टोप बसवणाऱ्या मुलीला म्हणाल्या. "डोकं अजून माझं आहे. सरकारजमा झालं नाही."

मुलगी काचेआड हसली आणि लगेच गंभीर झाली, कारण केंद्राचे प्रमुख अधीक्षक जयसिंग घोरपडे तिच्यामागे उभे होते. छातीवरच्या पट्टीवर तिचे नाव होते, सरिता लांजेवार. यशोधराबाईंनी ते वाचले आणि त्यांना काही म्हणजे काही वाटले नाही.

यशोधराबाई साठीला टेकल्या होत्या. आवाज खणखणीत होता आणि स्वभाव त्याहून. चौकशीचा आदेश आला तेव्हा भागीदार वैरागड्यांनी त्यांना दोन दिवस गावाला जाऊन राहण्याचा सल्ला दिला होता. "गावाला चोर जातात," असे म्हणून बाई स्वतः रिक्षा करून केंद्राच्या दारात उतरल्या होत्या.

प्रकरण साधे होते आणि भयंकर होते. उच्च न्यायालयात त्यांनी एक अनामिक याचिका दाखल केली होती. एका सरकारी रुग्णालयात भूल दिलेल्या रुग्णांच्या आठवणी हे केंद्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय वाचते, असा तिच्यात आरोप होता. माणूस अपेंडिक्स काढायला झोपतो आणि त्याचे अख्खे आयुष्य पडद्यावरून सरकत जाते. आरोपातले बारकावे असे होते की लिहिणारा केंद्राच्या आतलाच असणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे. सोमवारी सुनावणी होती. त्याआधी घोरपड्यांना याचिकाकर्त्याचे नाव हवे होते. नाव मिळाले की गोपनीयता कायद्याखाली त्याला उचलायचे. मग याचिका आपोआप कोसळली असती.

"आता हे कुलूप कसं उघडतं, ते मला पुन्हा एकदा समजावून सांगा," घोरपडे म्हणाले.

उत्तर द्यायला डॉ. मुकुंद पेंढारकर पुढे झाले. ते केंद्राचे मुख्य मेंदूशास्त्रज्ञ. आपल्या यंत्रावर त्यांचे प्रेम होते, आणि ज्या शोधाने ते यंत्र निकामी केले त्या शोधावर थोडे अधिकच.

"साहेब, वासाचा आणि आठवणीचा मेंदूतला रस्ता फार जवळचा आहे. आणि प्रत्येकाच्या अंगाला स्वतःचा वास असतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण मेंदू टिपतो. अशील भेटायला आला की पेढीतले वकील आधी एक बंधकद्रव्य हुंगतात. त्यानंतर तासाभरात जे बोलणं होईल ते सगळं त्या अशिलाच्या गंधाशी बांधलं जातं. अशील उठून गेला की काही मिनिटांत वकिलाच्या डोक्यातून ते पुसल्यासारखं होतं."

"पुसलं जातं?"

"नाही, बंद होतं. तो माणूस पुन्हा जवळ आला की उघडतं. गेला की परत बंद. उघडलेलं असताना त्यावरून मनात जे येईल, तेही त्याच कुलपात जाऊन पडतं. या क्षणी बाईंना त्यांचा अशील कोण, हे खरोखरच ठाऊक नाही. दर्शकात काही सापडणार नाही, कारण आठवण उघडल्याशिवाय दर्शकाला दिसत नाही."

"मग अशिलाचा एखादा रुमाल आणून..."

"तेवढं सोपं असतं तर आम्ही वकील कशाला झालो असतो?" यशोधराबाई मध्येच म्हणाल्या. "कपड्यातला वास तासाभरात बदलतो. जितंजागतं माणूस लागतं. अत्तर फासून आलं तरी चालतं, खाली माणूस तोच असतो. कोर्टात मी उभी राहते तेव्हा माझा अशील मागच्या गर्दीत कुठंतरी बसलेला असतो. तेवढ्या वेळापुरती मी हुशार असते. बाहेर आले की तुमच्यासारखीच."

एका तंत्रज्ञाला खोकला आला. तो खोकलाच होता असे म्हणू या.

हे सगळे कुठून आले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पेढीची माणसे विक्षिप्त वाटतील. त्या काळी गुपित ठेवायला जगात जागाच उरली नव्हती. संगणकात ठेवले तर फुटत होते. पेढीने कागदावर उतरवायचे ठरवले तर झडतीत कागद जात होते. म्हणून सगळे डोक्यात ठेवायची जुनी पद्धत परत आली, तर सरकारने डोके वाचणारे यंत्र आणले. गंधकुलूप हे त्याला उत्तर होते. पेढीत एक रिवाज पडून गेला होता. लग्नात, बाजारात, कुठेही डोक्यात एकाएकी कुणाचे काही उघडू लागले की जागा सोडायची. उके-वैरागडेचे वकील भरल्या ताटावरून उठून जातात, म्हणून गावात त्यांची चेष्टा होई. यजमानीणबाई रुसत, आणि त्या रुसव्याचे कारण सांगायचीही सोय नसे. यशोधराबाईंनी अशी कितीतरी जेवणे सोडली होती. त्याचा त्यांना अभिमान होता आणि बासुंदी गेल्याचे दुःखही होते.

आज मात्र मनगटांना पट्टे होते, तेव्हा जागा सोडून जाणे शक्य नव्हते.

"वकिलाला अशिलाबद्दल प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे," त्यांनी आठवण करून दिली. "नव्या कायद्यातही ते कलम राहिलंय."

"माहीत आहे," घोरपडे म्हणाले. "आम्ही तुम्हाला काहीच विचारणार नाही, बाई. तुम्ही फक्त श्वास घ्या."

आधी वंजारी नावाच्या निलंबित अभियंत्याला आणले. घोरपड्यांचा पहिला संशय त्याच्यावर होता. तो कवचाशिवाय खुर्चीच्या पुढ्यात उभा राहिला. भिंतीवरच्या पडद्यावर यशोधराबाईंचा मेंदू निळसर दिसत होता. कुलूप उघडले असते तर त्यात केशरी झाक उमटली असती. निळ्याचे निळेच राहिले. वंजारीला बाहेर नेले, हवा धुतली गेली, आणि यशोधराबाईंना वाटले, संपले.

संपले नव्हते. घोरपडे मूर्ख नव्हते, हीच अडचण होती.

"पेंढारकर, हे कुलूप माणूस ओळखतं," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे मला किल्ली शोधायची गरजच नाही. मी एकेक माणूस कुलपासमोर उभा करीन. ज्याच्यापाशी उघडेल, तो. आतल्या सगळ्यांना रांगेत लावा. ओळखपरेड घेऊ. साक्षीदाराला मात्र ओळखायचे कष्ट नाहीत."

तीस वर्षे ज्या कुलपाच्या भरवशावर यशोधराबाई सुखाने झोपत होत्या, त्याचाच या माणसाने पकडवॉरंटासारखा उपयोग करायचे ठरवले होते. आणि त्यात कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. प्रश्न नाही, उत्तर नाही. त्यांनी नुसते जिवंत असणे पुरेसे होते. श्वास रोखून धरावा तर किती वेळ? भीती तर वाटलीच, पण तिच्याहून मोठा राग आला. आपल्या विश्वासाने आलेल्या माणसाला आपल्याच नाकाने धरून द्यायचे, याचा राग.

"सगळं नोंदलं जातंय ना?" त्यांनी विचारले.

"शब्द न् शब्द," पेंढारकर म्हणाले. "नोंद न्यायालयात जाते. चौकशी संपेपर्यंत ती आम्हालाही थांबवता येत नाही."

"ठीक आहे."

केंद्रातले सगळे कर्मचारी भिंतीशी उभे राहिले. पहिल्याने कवच उतरवले, निळे. दुसऱ्याने उतरवले, निळे. तिसरी सरिता लांजेवार होती. तिने पट्टा सोडायला वेळ लावला, कवचाची टोपी मागे सारली, आणि यशोधराबाईंच्या डोक्यात एक दार उघडले.

वास असा आलाच नाही. एकाएकी सगळे माहीत झाले, एवढेच. हीच मुलगी, पेढीतली तीच खुर्ची, तिचे रडून लाल झालेले नाक, तिने सांगितलेली एकेक गोष्ट. ती गोष्ट काय होती ते इथे लिहिणार नाही. बाईंनी ती कधी सांगितली नाही, मग आपण कोण सांगणारे? याचिकेशी तिचा काडीचा संबंध नव्हता, एवढे पुरे.

पडद्यावर केशरी ठिणगी उमटली.

"ही!" घोरपडे म्हणाले.

"नाही साहेब!" सरिता ओरडली. "माझं ते घरचं आहे हो. मी याचिका नाही केली. घरचं आहे माझं."

"घरचं की दारचं, ते पडद्यावर दिसेल. हलू नकोस. पेंढारकर, वाचा."

"साहेब, हे तिचं खासगी..."

"वाचा."

वाचनाला वेळ लागतो, चहाला उकळी यायला लागतो तितका. दर्शक आधी मनात सगळ्यात वर असलेली गोष्ट उचलतो. यशोधराबाईंना हे ठाऊक होते. त्यांनी डोळे मिटले, कंबर ताठ केली आणि मोठ्याने सुरुवात केली.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी! एकोणतीस चोक सोळोत्तरशे!"

पडद्यावर आकडे उमटू लागले. राज्य सरकारच्या सर्वांत महागड्या यंत्राने मोठ्या निष्ठेने एकोणतीसचा पाढा लिहून काढला. रांगेत कुणीतरी उघड हसले.

"बाई, हा पोरखेळ बंद करा!"

"हरकत असेल तर पाढे म्हणायला बंदी करणारं कलम दाखवा! एकोणतीस पाचे..." आणि मग, पाढ्याचा ठेका न सोडता, त्याच खणखणीत आवाजात, "सरिता, टोपी घाल! तुझं गुपित तुझं आहे! एकोणतीस सक एकशे चौऱ्याऐंशी!"

हे साफ चुकले होते. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. पण हिशेब तपासायच्या मनःस्थितीत खोलीत कुणी नव्हते. सरिता क्षणभर घोरपड्यांकडे बघत राहिली. मग तिने टोपी पुढे ओढली आणि पट्टा कचकन आवळला.

"मी नाही उभी राहत," ती म्हणाली. "नोकरी घ्या माझी. मी हे उघडं नाही करणार."

चाळणयंत्रे घोंगावली. केशरी झाक मावळू लागली. रांगेतल्या माणसांचे हात नकळत आपापल्या गळ्याच्या पट्ट्याकडे गेले होते. उके-वैरागडे ही काही फक्त याचिका करणाऱ्यांची पेढी नव्हती. वाटणी, घटस्फोट, भाऊबंदकी, कुणाच्या पोराची भानगड, सगळे नागपूर कधी ना कधी तिचा जिना चढलेले होते. या खोलीत किती जणांनी तो चढला होता हे ज्याचे त्यालाच ठाऊक. बाईंनाही नव्हते.

"पुढचा," घोरपडे म्हणाले.

पुढचा हलला नाही.

"साहेब," तो खाली बघत म्हणाला, "माझाही याचिकेशी संबंध नाही. पण मी पण कवच काढून नाही राहिलो."

त्याच्या पुढचाही हलला नाही. त्याच्या पुढचीही.

पाच मिनिटांपूर्वी ही सगळी सरकारी माणसे होती आणि आता जो तो आपापल्या घरातला माणूस झाला होता. घोरपड्यांचा आवाज चढला. "ऐका सगळे. जो निर्दोष आहे त्याला घाबरायचं कारण नाही. जो कवच काढायला नकार देईल तोच याचिकाकर्ता, असं मी धरून चालीन. त्याला आजच्या आज अटक होईल. नोंदवून घ्या."

यशोधराबाई मान वाकडी करून ऐकत होत्या. सरिताचे सगळे त्यांच्या डोक्यातून हळूहळू निघून गेले होते. या मुलीवरून आपण रागावलो होतो, पाढा म्हटला होता, एवढेच उरले. पण पस्तीस वर्षे उलटतपासणी घेतलेल्या बाईला घोरपड्यांचे ते वाक्य पुरेसे होते. साक्षीदार आपण होऊन खड्ड्याच्या काठावर येतो तेव्हा त्याला ढकलायचे नसते. आणखी एक पाऊल टाक, एवढेच गोड आवाजात सांगायचे असते.

"अधीक्षक साहेब," त्या म्हणाल्या, "हा नियम सगळ्यांना सारखा आहे?"

"सगळ्यांना."

"पद, हुद्दा बघणार नाही?"

"कुणाचाही नाही."

"याचिका करणारा केंद्राच्या आतला आहे, एवढंच तुम्ही धरून चाललात. बरोबर?"

"बरोबर."

"मग आतलेच तुम्ही. आणि या रांगेत तुम्ही नाही. या, साहेब. काढा कवच. वरच्यांनी आधी काढलं की खालच्यांना धीर येईल."

घोरपडे हसले. हसू काचेच्या आत राहिले आणि तिथेच विरले.

"मी प्रमुख आहे. मी स्वतःविरुद्ध याचिका करीन का?"

"मला काय माहीत? मी तर काहीच आठवत नाही म्हणते, आणि तुमचं यंत्रही तेच म्हणतं. एक पट्टा सोडायचा, तीन पावलं पुढं यायचं, निळं राहिलं की झालं. त्या पोरीला तुम्ही हेच सांगितलं ना?"

घोरपड्यांचा मोजा घातलेला हात गळ्याच्या पट्ट्यापर्यंत गेला. रांगेतल्या सगळ्या काचा त्या हाताकडे वळल्या. हात पट्ट्यावर थांबला. पट्टा थोडा ओढला गेला, थोडा सैल झाला, आणि तिथेच राहिला. मग हात खाली आला.

ते सकाळपासून इतके नीट, इतके घट्ट बंद होऊन का आले होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळले. काय ते नाही कळले. का ते कळले.

"साहेब," डॉ. पेंढारकर अतिशय अदबीने म्हणाले, "नोंद चालू आहे. नियमाप्रमाणे आता आपल्याला... म्हणजे नियम मागे घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागेल."

घोरपड्यांनी रांगेकडे पाठ फिरवली.

"नियम मागे," ते शेवटी म्हणाले. "परेड रद्द. कुणाच्याही नकाराचा कसलाही अर्थ काढला जाणार नाही. चौकशीत काही निष्पन्न झालं नाही. नोंद बंद करा. दर्शक चालू राहू द्या, मी बघतो. सगळे बाहेर."

माणसे बाहेर पडली. जाताना सरिता खुर्चीपाशी क्षणभर थांबली. बाईंना ती का थांबली ते नीटसे कळले नाही, पण त्यांनी मान हलवली. त्या सगळ्यांत याचिका करणारा होता की नव्हता, कोण जाणे.

दार लागले. घोरपडे खुर्चीपासून बरेच लांब उभे होते.

"तुम्हाला खरंच काही आठवत नाही?" त्यांनी विचारले. अधीक्षकाचा आवाज आता निघून गेला होता. "मी आलो होतो तुमच्याकडे. बऱ्याच वर्षांपूर्वी. संध्याकाळी. मी... बायकोलाही सांगितलेलं नाही ते."

"नाही," यशोधराबाई म्हणाल्या. "आत्ता तरी तुम्ही माझ्यासाठी एक उद्धट अधिकारी आहात, बाकी काही नाही."

"आठवलं असतं तर?"

"तर मी पाढा म्हटला असता. त्या पोरीसाठी म्हटला तसाच." त्यांचा आवाज तापला. "तुम्ही माझ्या दारात आला होता तेव्हा कुणावर तरी विश्वास ठेवल्याशिवाय तुमचं चालत नव्हतं, साहेब. आज तेच दार तुम्ही फोडायला निघालात. त्याच्या आत तुम्हीही आहात, हे विसरलात? कुलूप तर माझं आहे. विसरायचं काम तुम्ही कशाला केलंत?"

पडद्यावर मेंदू निळा, शांत होता. घोरपड्यांनी तो पाहिला. मग मनगटांचे पट्टे सोडायला ते खुर्चीकडे निघाले.

"सोमवारी सुनावणी आहे," बाई म्हणाल्या. "माझा अशील येईल, गर्दीत कुठंतरी बसेल, आणि मी तुम्हाला सोडणार नाही. त्याची तयारी ठेवा."

ते अगदी जवळ आले. मनगटाच्या पट्ट्याला हात घालायला वाकले तेव्हा बाईंना दिसले की मघाशी ओढलेला त्यांच्या गळ्याचा पट्टा सैल होऊन कवचाला फट पडली आहे. एक श्वास घेतला असता तर या माणसाची सगळी नस हातात आली असती. पडदाही समोर चालू होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी गळ्याचा पट्टा आवळा."

आणि तो आवळला जाईपर्यंत त्यांनी तोंड दुसरीकडे वळवून श्वास रोखून धरला.